मैना कुणाची? मराठी अभ्यास मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
मराठी अभ्यास मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या वर्षाच्या मराठीच्या अभ्यासक्रमाचा नवा मसुदा आपण महाविद्यालयांकडे सूचनांसाठी पाठवलात, तो मिळाला. सोबतच्या तक्त्यात घटक क्रमांक, प्रस्तावित बदल आणि 'कारण (५० शब्दांत)' असे तीन रकाने आहेत. माझं कारण ५० शब्दांत बसेना. दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा रकान्याबाहेर गेलो. म्हणून हे उघड पत्र. मंडळावरच्या बऱ्याच जणांशी जुनी ओळख आहे, तेव्हा राग येणार नाही अशी खात्री आहे. निदान आशा तरी आहे.

मसुद्यात पाचव्या सत्राला 'साहित्यकृतीचा रूपनिष्ठ अभ्यास' हा सक्तीचा पेपर आहे आणि सहाव्या सत्राला 'सांस्कृतिक अभ्यास' हा ऐच्छिक. पहिल्याचं उद्दिष्ट असं की विद्यार्थ्याला संहितेच्या आतले घटक ओळखता यावेत. दुसऱ्याचं असं की त्याला संहितेबाहेरचे सामाजिक संदर्भ समजावेत. आत आणि बाहेर. माझं सगळं भांडण या दोन शब्दांशी आहे. रूपाचा अभ्यास करणारा घरात बसलेला आणि संस्कृतीचा अभ्यास करणारा अंगणात फेऱ्या मारणारा, अशी वाटणी वेळापत्रकाला सोयीची असेल. कवितेला ती मानवत नाही. हे मी तत्त्वचर्चा करून सांगत बसत नाही. एकाच लावणीवर दाखवतो, आणि लावणी आपण नेमलेलीच घेतो.

अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' मी इतकी वर्षं शिकवतो आहे की आता ती पाठ म्हणताना मध्ये खडू बदलायला थांबावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या केंद्रीय तपासणीला, पेपर तपासायला बसलो होतो, तिथं तिच्यावर १० गुणांचा प्रश्न होता: 'या लावणीतील रस व अलंकार सोदाहरण स्पष्ट करा.' सोबत आदर्श उत्तर आलेलं होतं. विप्रलंभ शृंगाराला (म्हणजे विरहातल्या शृंगाराला) ३, रूपक-उपमेला ३, अनुप्रासाला २, ग्रामीण बोलीला २. एका गठ्ठ्यात एक उत्तर असं निघालं की मी पेन खाली ठेवला. मुलीनं अर्धं पानच लिहिलं होतं. तिचे आजोबा परळच्या गिरणीत होते, आजी गावी. हे गाणं कुठं लागलं की आजी उठून आत जाते. एकदा नातीनं कारण विचारलं तर म्हणाली, ह्यात तो काय म्हणतो ते समदं हाय, ती काय म्हणती ते कुठं हाय?

तक्त्याप्रमाणे मी तिला २ गुण दिले. बोलीचे.

ते २ गुण मला अजून बोचतात. पण त्या उत्तराला मी १० पैकी १० दिले असते असंही नाही. त्यात लावणीतला एकही शब्द नव्हता. आजीचा प्रश्न फार मोठा होता आणि तो कवितेला नेऊन भिडवायचं काम मुलीनं केलं नव्हतं. आम्ही ते तिला शिकवलं नव्हतं, हे जास्त खरं.

आता आधी रूपाकडेच पाहू, आणि नीट पाहू. कारण आदर्श उत्तरात रूपसुद्धा पाहिलेलं नव्हतं, फक्त त्याची नावं घेतली होती.

ही छक्कड आहे. जलद चालीची, ढोलकीवर उड्या घेत जाणारी. जुन्या लावणीत विरहाचं बोलणं बहुतेक वेळा बाईच्या तोंडी असतं. घरधनी मोहिमेवर गेलेला, ती मागे झुरणारी. इथं घर सोडून गेला तोही पुरुष आणि झुरतो तोही पुरुष. लावणीची सगळी बैठक अण्णाभाऊंनी उलटी फिरवली आहे. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून तो निघतो, मैना त्याला वाटेला लावायला येते आणि तिथं ती 'चांदणी शुक्राची' होते. पहाटेची वेळ आधीच सांगून झालेली असल्यामुळे ही उपमा आभाळातून आणावी लागत नाही. ती तिथं असतेच.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ही लावणी जवळजवळ अथपासून इतिपर्यंत 'ची' या एका अक्षरावर येऊन आपटते. चांदणी शुक्राची. मग मुंबई येते, ती यंत्राची, तंत्राची, जगणारांची, मरणारांची, शेंडीची, दाढीची, हडसनच्या गाडीची, नायलॉनच्या आणि जॉर्जेटच्या साडीची. (हडसन म्हणजे कोण, असं वर्गात दरवर्षी विचारतात. ती अमेरिकन मोटार. ती कंपनी १९५४ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि गाणं मात्र चालू राहिलं.) आदर्श उत्तर याला अनुप्रास म्हणतं आणि २ गुण देतं. पण 'ची' हा नाद होण्याआधी षष्ठीचा प्रत्यय आहे. त्याचं कामच मुळी काय कुणाचं ते सांगणं. एवढा वेळ तो कानाला गोड लागत राहतो आणि मग डांग-उंबरगावाशी, म्हणजे गुजरातच्या सीमेवरच्या मुलखाशी, येऊन म्हणतो, 'मालकी दुजांची'. जो प्रत्यय मघापासून मालकी सांगत होता, त्याच्या शेजारी अखेर मालकी हा शब्दच येऊन बसतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५५-५६ मध्ये, मुंबईच्या गिरणगावात, फ्लोरा फौंटनवर, विधिमंडळात आणि दिल्लीत एकच प्रश्न पेटलेला होता: मुंबई कुणाची? 'मुंबई कुणाची' या नावाचं लोकनाट्यच अण्णाभाऊंच्या नावावर आहे. म्हणजे या लावणीचं यमक आणि त्या काळाचा राजकीय प्रश्न हे एकाच प्रत्ययाचे बनलेले आहेत. मंडळाला माझा साधा प्रश्न असा की ही 'ची' कुठं ठेवायची, पाचव्या सत्रात की सहाव्या?

तिसरी गोष्ट क्रियापदाची. पहिल्या ओळीत मैना गावावर 'राहिली', म्हणजे मागे राहिली. त्यानंतर मैनेच्या ताटातुटीला महाराष्ट्राच्या तुटलेपणाचा अर्थ येतो, लढाई उभी राहते, आणि शाहीर शेवटी बजावतो की वळू नका, पळू नका, 'बिनी मारायची अजून राहिली', म्हणजे शत्रूची आघाडी मोडायची अजून बाकी आहे. तेच क्रियापद. सुरुवातीला ते मागे राहिलेल्या बाईबद्दल होतं, शेवटी करायच्या राहिलेल्या कामाबद्दल आहे. 'राहणे' या एका मराठी धातूच्या दोन अर्थांमधलं अंतर चालून जायला त्याला सबंध लावणी लागते. दुसऱ्या भाषेत ही लावणी नेली तर हा सांधा तुटेल. मला अण्णाभाऊंचं सगळ्यात थोर कसब इथं दिसतं, आणि आदर्श उत्तरात याला शून्य गुण आहेत, कारण 'राहिली' हा अलंकार नाही.

तेव्हा रूपनिष्ठ वाचनाला मी कमी लेखतो असं कुणी समजू नये. रूप बघायला शिकवणाऱ्यांनी आपल्यावर उपकार केले आहेत. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या, आणि चांगली शिकलेली मुलंही समोरचे शब्द सोडून भलतंच वाचतात हे १९२९ च्या पुस्तकात दाखवून दिलं. नाव बघून माना डोलावण्यावर तो चांगला उतारा होता. आपल्याकडे कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी लयीचा विचार मांडला, संवाद-विरोध-समतोल ही तत्त्वं सांगितली आणि साहित्याकडे साहित्य म्हणून बघा असा आग्रह धरला. तो धरावा लागला, कारण कविता बोधासाठी, देशकार्यासाठी, नाहीतर कवीच्या चरित्राचा पुरावा म्हणून वाचायची आपली खोड जुनी. आणि गंमत बघा, ज्या माणसानं कलाकृतीच्या स्वायत्ततेची बाजू एवढी लढवली, त्याच्याच 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला. सुटले ते, पण त्याआधी त्यांच्या कवितेचं समाजाच्या नावानं झालेलं वाचन त्यांना कोर्टात उभं राहून ऐकावं लागलं. संस्कृतीच्या नावानं वाईट वाचन कसं होतं, याचा तो नमुना म्हणून मी वर्गात सांगतो.

आणखी एक. 'सकाळी उठोनी चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी वीज-गाडी' हे मर्ढेकर लिहितात ते संतांच्या छंदात. पहाटे उठून नाम घ्यावं म्हणणारी चाल आणि तिच्यात लोकल पकडणारा माणूस. छंद मोजणाऱ्याला इथं चरण बरोबर भरल्याचं दिसेल. पण तो छंद वारकऱ्यांच्या तोंडी शतकानुशतकं राहून आलेला नसता, तर त्या ओळीतला उपरोध उभाच राहिला नसता. छंदालाही गतायुष्य असतं. रूपाचा आग्रह धरणाऱ्या कवीचं रूपच हे सांगतं.

मग दोन्हींत फरक तरी काय, असं आपण विचाराल. फरक आहे, आणि मी तो पुसून टाकायला निघालेलो नाही. रूपनिष्ठ वाचन संहितेला तयार वस्तू धरतं. ती हातात आली तिथून त्याचं काम सुरू होतं आणि तिचे सगळे भाग एकमेकांशी कसे बोलतात हे कळलं की संपतं. 'ची' सगळीकडे आहे, 'राहिली' सुरुवातीला आहे आणि शेवटीही आहे, रचना बांधीव आहे. झालं. सांस्कृतिक अभ्यासाला तिथं थांबता येत नाही. ही वस्तू कुणी, कुणासाठी, कुठं घडवली. ती कोणत्या तोंडांतून गेली. तिच्यातलं काय कापलं गेलं. ती ऐकून कोण उठून उभं राहिलं आणि कोण उठून आत गेलं, हेही त्याला तिच्या अर्थाचेच भाग वाटतात. आणि अभ्यासाला हीच वस्तू का घेतली, दुसरी का नाही, हा प्रश्न तर रूपनिष्ठ वाचन सहसा विचारतच नाही. कलाकृती श्रेष्ठ असल्याचं आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. ते फक्त तिचं श्रेष्ठत्व उलगडून दाखवतं.

मैनेवर हे चालवून पाहू.

अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईला आले ते बापाबरोबर पायी. मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. शाळा दीड दिवसाची, असं सांगतात. अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभं केलं. या पथकानं तमाशाचा साचा घेतला आणि त्यात हात घातला. गणात, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूला आणि शिवछत्रपतींना वंदन आलं. आता हा बदल रूपाचा की विचाराचा? गण हा घटक तोच, जागा तीच, फक्त ज्याच्यापुढे हात जोडायचे तो बदलला. याआधी सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनीही तमाशाच्या याच ढाच्याला असंच कामाला लावलं होतं. मुंबई सरकारनं पुढे पथकाच्या तमाशावर बंदी घातली. सरकारी माणसांना वृत्त-अलंकार कळत नसतील, पण गणात कुणाला वंदन केलं जातंय ते बरोबर कळत होतं.

आणि मुंबईवर लावणी करणारे अण्णाभाऊ पहिले नव्हेत. पठ्ठे बापूरावांची 'मुंबई नगरी बडी बांका, जशी रावणाची दुसरी लंका' त्यांच्या आधीची. बापूरावांना ती लंका सोन्याची दिसते. शहर बघून दिपलेला माणूस बोलतो आहे. अण्णाभाऊंच्या 'मुंबईच्या लावणी'त मलबार हिलची इंद्रपुरी आणि परळातले राबणारे समोरासमोर येतात. आणि 'मैने'त पुन्हा लंका येते, ती जळालेली, रावणाच्या जागी त्या वेळचे सत्ताधारी बसवून. उपमा तीच, पण बघणारा कुलाब्याच्या बाजूनं येतो की भायखळ्याच्या पुलाखालून, यावर तिचा रंग ठरतो. उपमान-उपमेय लिहून घेतलं तर दोन्हीकडे उत्तर एकच येईल: मुंबई आणि लंका.

गिरणगावात माणसं येत ती कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, घाटावरून. पुरुष येत, बायका मागे राहत. खोलीचं भाडं परवडत नसे, गावी पाचपन्नास गुंठे असत ते कुणीतरी कसायचे असत. एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारे दहा-पंधरा जण, जेवण खानावळीचं, घरी जाणं वर्षातून एकदा-दोनदा, बाकी मनिऑर्डर. हे माहीत असलेल्याला 'गरिबीनं ताटातूट केली' हे विप्रलंभ शृंगाराचं कारण वाटणार नाही. ती त्या शहराची रोजची चालण्याची रीत होती. गिरण्या चालायच्या तर मैना गावावर राहायलाच हवी होती. तिनं शेत सांभाळलं म्हणून तिच्या नवऱ्याला कमी पगारात राबवून घेता आलं. लावणीत हे कुठं म्हटलेलं नाही. पण ते ठाऊक झालं की पहिल्या ओळीतलं 'राहिली' पहिल्यासारखं ऐकू येत नाही.

आता आजीकडे येतो.

मैना या लावणीत एक शब्द बोलत नाही. तिचा बांधा, रंग, गुण, सगळं सांगून होतं. तिचं बोलणं येत नाही. पुढे ती भूमी होते, तेव्हा तर तिच्या बोलण्याचा प्रश्नच मिटतो. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, हे सगळं मैनेसारखं आपल्यापासून तुटलेलं आहे, असं शाहीर म्हणतो, आणि तेव्हाच्या मराठी माणसाच्या काळजाला ते जाऊन भिडलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फौंटनवर गोळ्या चालल्या होत्या; त्या माणसांपुढे हे गाणं म्हटलं जात होतं. मी त्यातली धग कमी करू पाहत नाही. पण १६ जानेवारी १९६७ ला गोव्याला कौल विचारला गेला तेव्हा गोव्यानं महाराष्ट्रात यायला नकार दिला. मैनेला पहिल्यांदा बोलू दिलं आणि ती नाही म्हणाली. हे गाणं म्हापशाच्या कोंकणी घरात कसं ऐकू येतं, कारवारच्या कन्नड मास्तराला कसं, हे विचारलं म्हणजे अण्णाभाऊंचा अवमान होतो असं कुणाला वाटत असेल, तर आपण अण्णाभाऊंना शाहीर म्हणून न वाचता पुतळा म्हणून वाचतो आहोत.

सांस्कृतिक अभ्यासातल्या बर्मिंगहॅमच्या स्टुअर्ट हॉलनं १९७३ मध्ये हेच मांडलं होतं. सांगणाऱ्यानं अर्थ भरून पाठवला तरी ऐकणारा तो जसाच्या तसा घेईल असं नाही. कुणी मान्य करतो, कुणी आपल्या सोयीनं वाकवून घेतो, कुणी उलटवतो. हॉल टेलिव्हिजनबद्दल बोलत होता. आमच्या विद्यार्थिनीची आजी त्याच्याइतकंच नेमकं बोलली. फरक इतकाच की हॉलवर आपण प्रश्न काढणार आहोत.

मसुद्यातल्या वाचनयादीबद्दल इथंच सांगतो. बर्मिंगहॅमचं सांस्कृतिक अभ्यासाचं केंद्र, त्याचं स्थापनेचं साल १९६४, हॉगार्ट, विल्यम्स, हॉल, हे सगळं असू द्या. पण ते शिकवताना एक गोष्ट सांगायला हवी, जी यादीवरून कळत नाही. हॉगार्ट आणि विल्यम्स दोघंही इंग्रजी साहित्याचे मास्तर. महायुद्धानंतरची बरीच वर्षं त्यांनी प्रौढांच्या वर्गांवर, दिवसा काम करून येणाऱ्या माणसांना शिकवण्यात घालवली. हॉगार्टनं १९५७ च्या पुस्तकात कामगारवस्तीतली मासिकं आणि गाणी वाचली ती कवितेसाठी कमावलेल्या त्याच बारीक नजरेनं. त्याचं केंद्र निघालं तेही इंग्रजीच्या विभागात, आणि त्याला पैसा दिला पेंग्विन प्रकाशनाच्या मालकानं. याच पेंग्विनवर १९६० मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा हॉगार्ट बचावाचा साक्षीदार होता. तर सांस्कृतिक अभ्यास हा रूपाच्या अभ्यासाशी फारकत घेऊन जन्माला आलेला नाही. तो त्याच घरातून बाहेर पडला, डोळे बरोबर घेऊन.

आणि आपल्याला हे सगळं बर्मिंगहॅमहूनच आणायला हवं होतं का? १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती, न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं, आणि जोतीरावांनी पत्रानं नकार कळवला. 'घालमोड्या दादां'चं (हे नाव जोतीरावांनी त्या ग्रंथकारांना दिलेलं) ते पत्र आपण साहित्य संमेलनाच्या इतिहासात एक किस्सा म्हणून शिकवतो. त्यातला प्रश्न बघा. जी माणसं वागण्यात इतरांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि त्यांनी केलेल्या पुस्तकांचा आमच्या सभा-पुस्तकांशी मेळ कसा बसणार? ग्रंथ कोण लिहितं, कुणासाठी, आणि श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणाऱ्या सभेत कोण बसलेलं असतं. सांस्कृतिक अभ्यासाचा पहिला धडा मराठीत १८८५ मध्येच लिहून झाला आहे, आणि तोही पत्रातून. अलीकडच्या काळात पुण्यातच शर्मिला रेग्यांनी लावणी आणि पोवाडा यांच्यावर समाजशास्त्राच्या अंगानं लिहिलं. लावणी नाचणाऱ्या बायकांची जात, त्यांचं शरीर आणि त्यावर कुणाचा हक्क, हे प्रश्न त्यांनी मांडले. यादीत रेगे नाहीत. फुल्यांचं पत्रही नाही. हॉलचं नाव मात्र दोनदा छापलं आहे, ती बहुधा मुद्रणाची चूक असावी.

आता उलट बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकाच गटाला गोड लागेल. सांस्कृतिक अभ्यासाच्या नावानं जे चालू झालं आहे त्यानं मला तितकीच धास्ती वाटते. परवा एका चर्चासत्रात तरुण मित्रानं याच लावणीवर निबंध वाचला. त्यात वर्चस्व, प्रतिरोध, अस्मिता, अवकाश हे शब्द इतक्या वेळा आले की मी मोजणं सोडलं. 'प्रस्तुत लावणी वर्चस्ववादी व्यवस्थेला प्रतिरोध करते.' हे वाक्य उचलून कोणत्याही शाहिराच्या कोणत्याही गाण्याला चिकटवा, चिकटतं. जे सगळ्यांनाच चिकटतं ते डिंकासारखं, त्यात वाचन नाही. चहाच्या वेळी मी त्याला 'ची'बद्दल विचारलं. तो म्हणाला, सर, ते रूपवादी झालं. मी चहा पिऊन टाकला.

रूपाचं सूत्र पाठ करून विप्रलंभ शृंगार लिहिणारा मुलगा आणि संस्कृतीचं सूत्र पाठ करून प्रतिरोध लिहिणारा हा मित्र, दोघांनी लावणी ऐकलेलीच नाही. ऐकलेली म्हणजे खरंच कानांनी. आमच्याच गावच्या स्नेहसंमेलनात दोन वर्षं ही लावणी झाली, ती अर्ध्यावर थांबवून. मैनेचं रूप, पहाटेचा निरोप, टाळ्या. मुंबई आली की ढोलकी बंद. पुढची लढाई, लंका, फौंटन, काही नाही. संयोजक मुलांना विचारलं तर म्हणाली, पुढचं राजकीय आहे, सर. त्या कात्रीनं लावणीचं 'राहिली' अर्धंच ठेवलं. मागे राहिलेली बाई तेवढी उरली, राहिलेलं काम गेलं. रूप तुटलं तेव्हाच राजकारणही गेलं, एकाच ठिकाणी, एकाच कात्रीत. हे मी ऐकलं नसतं तर वरचं इतकं मला सुचलंही नसतं.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. दोन पेपर ठेवायचे असतील तर ठेवा, श्रेयांकांचा हिशोब मला कळतो. पण दोन्हींत निदान एक संहिता समान ठेवा, म्हणजे पाचव्या सत्रात 'ची' ऐकलेला विद्यार्थी सहाव्या सत्रात तीच 'ची' घेऊन गिरणगावातल्या डिलाईल रोडला जाईल. दुसरा पेपर ऐच्छिक करू नका. ऐच्छिक म्हणजे आमच्यासारख्या दोन शिक्षकांच्या विभागात कधीच न शिकवला जाणारा, हे मंडळालाही ठाऊक आहे. उद्दिष्टांतले 'आतले' आणि 'बाहेरचे' हे शब्द काढा. अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० गुण आहेत त्यांत विद्यार्थ्यांना एखादं गाणं, ओवी, पोवाडा घरातल्या किंवा गल्लीतल्या तीन माणसांना ऐकवायला सांगा, आणि प्रत्येकानं काय ऐकलं ते लिहायला लावा, पण मूळ शब्दांवर बोट ठेवून. बोटाशिवाय गुण नाहीत.

प्रश्नाचा नमुनाही देतो, म्हणजे नुसती टीका केली असं होणार नाही. 'या लावणीतील "राहिली" या क्रियापदाचे दोन उपयोग शोधा. गावी राहिलेल्या मैनेला ते कसे ऐकू येतील, लावणीतील शब्दांच्या आधारे लिहा.' गुण १०. याचं आदर्श उत्तर मला लिहिता आलेलं नाही. ती आजी हयात आहे की नाही, ते मला माहीत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आसन क्रमांकही झाकलेला असतो.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक मराठीचा मास्तर

ता. क. मसुद्यावरच्या बैठकीत लावणी ऐकवायची झाल्यास माझ्याकडे पूर्ण ध्वनिमुद्रण आहे, पेनड्राइव्हवर आणून देईन. मध्येच चहा आला तरी बंद करू नये, एवढी विनंती.